बातमी माझी, नाव त्यांचे

नाव व पत्ता माझ्या विनंतीवरून बंद पाकिटात वेगळे ठेवले आहेत. वय ३४ वर्षे, व्यवसाय वार्ताहर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मी पती, सासूबाई व मुलगी यांच्यासोबत राहते. दैनिकात माझ्याकडे महिलांची पुरवणी असते, म्हणजे केस गळणे आणि मुलांचे डबे.

गेल्या महिन्यात रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे छत कच्चे असल्याची बातमी मी मिळवली. मजुरांशी नाव न सांगता मी बोलले, फोटो मी काढले. संपादक म्हणाले, "ठेकेदार वाईट माणूस आहे. तुमच्याच काळजीपोटी सांगतो, नाव मुख्य बातमीदाराचं टाकू." आमच्याकडे हीच पद्धत आहे, बाईची मोठी बातमी पुरुषाच्या नावाने जाते. मला राग आला, पण मी बातमी व फोटो देऊन टाकले आणि ती त्यांच्या नावाने छापून आली. बातमी माझी हे संपादक, मुख्य बातमीदार व मी, आम्हा तिघांनाच माहीत होते. घरीही मी बोलले नव्हते.

सोमवारी दुपारी एक अनोळखी माणूस घरी आला. "छताची बातमी वहिनींनी फार छान लिहिली," म्हणाला. सासूबाईंनी त्याला बसवून पाणी दिले. नात कोणत्या शाळेत, शाळा कधी सुटते, हे त्याने विचारले व त्यांनी सांगितले. संध्याकाळी त्या कौतुकाने म्हणाल्या, "अगं, नाव छापत नाहीत, तरी लोक ओळखतात की तुला."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मला फोन आला. पुरुषाचा आवाज होता. "मुलगी पाण्याची बाटली वर्गात विसरली बघा. आता दुसरी बातमी नको." बाटली खरोखरच वर्गात राहिली होती. मला फार भीती वाटते. मुख्य बातमीदारांना आलेले सगळे फोन अभिनंदनाचे आहेत.

संशय कोणावर, असे विचारले असता सांगते की, मी कोणाचे नाव घेत नाही. मुख्य बातमीदार बाहेर बाकावर बसले आहेत. "बाईमाणसानं एकटं ठाण्यात जाऊ नये," म्हणून तेच मला गाडीतून घेऊन आले. मुलीला मी कालपासून माझ्या आईकडे ठेवले आहे. हे पतीशिवाय कोणालाही सांगितलेले नाही. येताना गाडीत मुख्य बातमीदार म्हणाले, "परत जाताना तुमच्या आईकडून मुलीलाही घेऊ."

हा जबाब मला दार लावून, हळू आवाजात वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे.