तळ्यात सोडायचे सोंडे

हिंगोलीच्या बसस्थानकावर कुरुंद्याची गाडी यायची होती. बाकावर माझ्या शेजारी एकाच गावचे दोघे बसले होते.

"रुस्तुमभाऊजी, डब्यात काय हाय?"

"सोंडे, वैनी. कृषीच्या सायबानं दिले. गावच्या तळ्यात सोडायचेत."

"आमी गव्हातले सोंडे चाळून फेकून राहिलो, अन् तुमी हिंगोलीहून डब्यात घालून नेऊन राहिले?"

"हे येगळे हायेत. हे जलपर्णी खातेत. सारं तळं झाकून गेलं, म्हशीला पानी दिसंना."

"तळ्याला लागून आमची हळद हाय, भाऊजी."

"हळदीला तोंड लावत न्हाईत. जलपर्णीबिगर काहीच खात न्हाईत. उपाशी मरतेत, पन खात न्हाईत."

"कोन म्हनलं?"

"सायेब."

"आमच्या जावयाचंबी लग्नाच्या बैठकीत असंच सांगितलं होतं. चहाबिगर काहीच पीत न्हाई म्हनून."

"वैनी, हे शास्त्र हाय."

"बराबर हाय. मंग आधी चार दिस तुमच्या हळदीत सोडा. उपाशी मेले की मला पटलं."

"मेल्यावर तळ्यात काय सोडू?"

"अन् न्हाई मेले तर?"

झाकण घट्टच होतं. तरी भाऊजींनी ते दोन्ही हातांनी पुन्हा एकदा दाबलं.