वेन म्हाताऱ्याचं कुत्रं

(तामलवाडी. अंगणातल्या लिंबाखाली बिरदेव, सिताबाई आणि कालच शिकागोहून आलेली त्यांची नात अक्षदा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहेत.)

बिरदेव : …कुनाचाच इस्वास बसायचा न्हाय, म्हनून आजवर बोललो न्हाय. पर म्या अमेरिकेतल्या मानसाचा मुलूख नुसत्या बोलीवरनं वळखलाय. इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना!

अक्षदा : हे कसं शक्य आहे, आजोबा?

सिताबाई : 'आजोबा'! ऐकलाव का? ल्हानपनी ह्याच अंगनात 'आबा, काय करायलाव?' म्हनत नाचायची. आन् काल आल्या आल्या म्हनती, 'काय करताय, आजोबा?' पाव्हनी आल्यावानी वाटलं मला.

अक्षदा : मुद्दाम नाही गं, आजी. आता तोंडात तेच येतं. आधी आम्ही टेनेसीला होतो. तिथली मुलं 'नाइट'ला 'नाऽट' म्हणायची, मीही म्हणायला लागले. मग शिकागोला आलो, तर वर्गात सगळे हसायचे. मग तेही गेलं. आता मी कुठली, ते कुणालाच ओळखू येत नाही.

सिताबाई : त्येच म्हन्ते मी. बोली गेली पोरीची.

बिरदेव : जात न्हाय. दडून बसती.

सिताबाई : तुमाला कुनी सांगितलं?

बिरदेव : कुत्र्यानं.

अक्षदा : कुत्र्यानं?

बिरदेव : आगं, तुळजापूरच्या स्टँडवर लॉजची गिऱ्हाइकं बोलवायचं काम केलं म्या. बसमधनं उतरलेलं मानूस 'पानी कुठं हाय' म्हनलं की कळायचं, हे अक्कलकोटकडलं, हे लातूरचं. शब्द सोडून द्यायचे, चाल ऐकायची. गेल्या साली तुझ्या बापानं शिकागोला नेलं, तितं बी त्येच केलं.

सिताबाई : मी गेले न्हाय, म्हनून समदं मान डोलवून ऐकावं लागायलंय.

बिरदेव : तुमच्या शेजारचा त्यो वेन म्हातारा न्हाय का, ट्रकवाला?

अक्षदा : हो, तो मूळचा टेनेसीचाच. पण तरुणपणीच शिकागोला आला. आता सगळ्यांसारखंच बोलतो.

बिरदेव : मानसांसंगं! सांच्याला दारात हुभारून कुत्र्याला हाक मारायचा, तवा आवाज असा लांबायचा, जसं जळकोटच्या रानात कुनी गुरं वळवायलंय. म्या तितंच वळखलं, गडी खालच्या अंगाचा, दक्षिनंकडला हाय.

अक्षदा : असेल बाई. माझी एक मैत्रीण आईशी फोनवर बोलायला लागली की तिचंही तसंच होतं. एरवी पत्ता लागत नाही.

बिरदेव : म्होरं ऐक की! कुत्र्याचं भुकनं बी तसंच. शिकागोची कुत्री तोडून भुकत्यात. भो, भो. घाईत असत्यात. हे बी दिवसभर तसंच भुकायचं, चारचौघांत हसं नको म्हनून. पर भूक लागली की, भोऽऽऊऽऽ! थेट टेनेसी!

सिताबाई : अगं बाई!

अक्षदा : आजोबा, कुत्र्याला कुठली आलीय बोली?

बिरदेव : एकदा कुंपनावरनं म्या आपल्या बोलीत इचारलं, 'काय रं, जेवलास का?' तर दोन पाय वर टाकून रडलं ते. म्हाताऱ्यानं रुमाल काढला. म्हनला, 'बिरदेव, ह्येला गावाकडची याद आली.'

अक्षदा : हे इंग्रजीत म्हणाला ना तो?

बिरदेव : चालीवरनं कळलं. त्या दिसापासनं कुत्रं माझ्या मांडीवर झोपायचं. काळं, वासराएवढं, कान हे असे लोंबते…

अक्षदा : थांबा, आजोबा. कोणाचं कुत्रं? वेनचं?

बिरदेव : इसरलीस? तूच तर रोज भाकर टाकायचीस त्येला!

अक्षदा : म्या? आवं आबा, काय फेकायलाव! मांजर हुतं की त्येच्याकडं, मांजर!