निम्मा उजेड

ती डबी ना — ती काही नाही. म्हणजे आहे, पण तिला वीजसुद्धा लागत नाही. बघा ना, प्लग कुठे आहे? नाही. दिवे गेले तरी ती आपली चालूच. अहो, एकदम ओढू नका, आत काचेचा धागा आहे — तुम्हा इंटरनेटवाल्यांना काय सांगायचं, तुमचं रोजचंच काम. बसा ना दोन मिनिटं. ते पुस्तकांचं कपाट तुम्ही एकट्याने सरकवाल असं मला वाटलं नव्हतं. म्हणून तर मी ती त्याच्या मागे — असो.

टॅप म्हणतात हिला. छत्तीस वर्षं मी हेच शिकवलं. पहिल्याच तासाला सांगायचो, तारेवरून काय जातंय ते बघायचे दोन मार्ग. एक, मधल्या स्विचलाच, म्हणजे तारा जोडणाऱ्या यंत्रालाच, सांगायचं की बाबा, जे जाईल त्याची नक्कल मला दे. तो देतो, पण गर्दी झाली की आधी नक्कलच टाकून देतो, आणि काय निसटलं ते तुम्हाला कळतही नाही. दुसरा हा. वाटेतच उजेडाला फाटा फोडायचा. काही उजेड जायचा तिथे जातो, काही आपल्याकडे येतो. मधे कोणी अडवत नाही, आणि आपल्याकडून उलट काही जात नाही — ऐकायचं तेवढं, बोलायची सोय नाही. मुलं विचारायची, सर, मग समोरच्याला कळत नाही? मी म्हणायचो, कोणी आहे हेच त्याला कळत नाही. केवढ्या अभिमानाने सांगायचो. बरोबर सांगत होतो का, आता शंका येते. तशी मला सगळ्याचीच येते.

वर राहतात त्या कोण, विचारत होतात ना मघाशी — माझी लेक. चिमी. त्रेचाळीस वर्षांची आहे, पण चिमीच. भाषांतरं करते, घरूनच. तुमची लाइन इथे खाली येते, इथून वर दोन धागे जातात, एक जायचा, एक यायचा. जिन्यातून मीच टाकले, ती इथे राहायला यायच्या कितीतरी आधी. ही — चिमीची आई — टॉर्च धरून उभी होती, म्हणत होती, ते वळण फार आवळलंय तुम्ही. आवळलेलंच होतं. अजून आहे.

नाही हो, वाचत नाही मी काही. वाचता येतच नाही, आतलं सगळं कुलूपबंद असतं. केव्हा आणि केवढं गेलं, एवढंच या यंत्राच्या पडद्यावर दिसतं. साडेसातला पहिली हालचाल — म्हणजे उठली. अकराला मोठी फाइल गेली — म्हणजे काम संपलं. रविवारी चारनंतर कोणाशी तरी बोलते, नुसतंच बोलणं, चित्र नाही. कसं कळतं? एका धाग्यावर दाट असतं तेव्हा दुसऱ्यावर विरळ, मग उलट. ती बोलते, समोरचं माणूस ऐकतं, मग ते बोलतं, ती ऐकते. तास-तास. कोण आहे माहीत नाही, कोणी का असेना, बोलते ना. एका दुपारी तीन तास काहीच नव्हतं. डबी बिघडली म्हणावं, तर तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो, सहाव्या पायरीवर. वर नाही गेलो. खाली येऊन बघतो तर सगळं सुरू झालेलं. झोपली असेल.

विचारायचं होतं, म्हणता? चिमीही तेच म्हणाली होती. ही आजारी होती तेव्हा हिचा फोन माझ्याकडे असायचा. चिमीचे निरोप यायचे आईला, मी वाचले. वाचायला नको होते. नवऱ्याचं घर सोडलंय, परत जाणार नाही, बाबांना इतक्यात सांगू नकोस — सगळं वाचलं आणि फोन होता तसा ठेवून दिला. पुढे ही गेली, चिमी वर राहायला आली, आणि एक दिवस माझ्या तोंडून निसटलं. मला वाटलं, वाचलं म्हणून चिडेल. ती म्हणाली, बाबा, सहा महिने तुम्हाला माहीत होतं, आणि एकदाही विचारलं नाहीत, चिमे, कशी आहेस? झालं. त्याला चौदा महिने होतील. आता किल्ली कुठे आहे आणि पाणी आलं का, एवढंच बोलतो आम्ही.

काय म्हणालात? वर निम्मासुद्धा उजेड पोचत नाही? हो, पोचणार नाही. पूर्वीची डबी दहातला एकच भाग इकडे घ्यायची. माझं यंत्र जुनं, त्याला तेवढा पुरेना, मधेमधे दिसायचंच नाही काही. म्हणून ही घातली — निम्मा तिला, निम्मा मला. गणित केलं होतं, कागद आहे इथेच कुठेतरी. पण जिन्यातलं वळण धरायचं राहिलं, तिथेही उजेड गळतो. मीच आवळलेलं. तिची तक्रार कधीपासूनची आहे? तीन आठवडे. हं. तीन आठवडेच झाले ही घालून.

आणि काय सांगितलं तिने तुम्हाला? आज लाइन सुधारली नाही तर जागा सोडणार? बघून ठेवलीय जागा? — मला नाही दिसलं. म्हणजे दिसलं असेल, पण कळणार कसं, जागा शोधणं आणि बातम्या वाचणं इथून सारखंच दिसतं.

काढा. काढून टाका ती, धागे सरळ जोडा.

जोडले? इकडे पडद्यावर बघा, सपाट झालं सगळं. वर आलं का पूर्ण? मला आता इथून नाही कळायचं. तुमच्या फॉर्मवर तो रकाना आहे ना, ग्राहकाला विचारून खात्री केली म्हणून — तुम्ही नका विचारू. मी विचारतो. कारणही तुम्ही लिहू नका, ते मीच सांगतो तिला. द्या तो कागद, सही घेऊन उद्या पोचवतो.

नाही, कपाट राहू द्या तसंच. डबी घेऊन जा. या आता तुम्ही. अहो, थांबू नका — तुम्ही थांबलात तर मी तुमच्याशीच बोलत बसेन.