जाऊबाई भरल्या पंगतीत बोलल्या

धाडस बघायचं तर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं बघा. त्या माढ्याला शाळेत शिकवतात. दिवाळीला घरचे सगळे जेवायला बसले होते, आम्ही दोघी वाढत होतो. वाढता वाढता जाऊबाईंचा चेहरा एकदम लालबुंद झाला, घामानं ब्लाउज भिजला. त्यांचे यजमान घाबरून उठले. "बीपी असंल, गाडी काढतो!"

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "बसा हो. माझी पाळी जायचे दिवस आलेत. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, त्यामुळं दर महिन्याला रक्तस्राव होतच होता, म्हणून मलाही कळलं नाही. झोप लागंना, चिडचिड व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडं गेले."

हे सगळं सासऱ्यांसमोर! माझ्या तर हातातला डाव तसाच राहिला.

तेवढ्यात सासूबाई सासऱ्यांकडं वळल्या. "मला बी असंच व्हायचं. येड लागलं म्हणून तुमी मला देवऋष्याकडं नेलं हुतं की."

सासऱ्यांचा घास थांबला. "आगं, मग तवाच सांगायचं न्हाय व्हय?"

"काय सांगू? मला तरी कुटं म्हाईत हुतं! आज थोरली बोलली, तवा कळलं."