तीन दिवस मी डॉक्टर नव्हती

माहं नाव सुजाता, गाव मारेगाव तालुक्यातलं, विहाराच्या मागं घर. बाप सरकारी दवाखान्यात शिपाई होता, ट्रे धुवे, सुया उकळे, अन् माय शाळेत खिचडी शिजवे. शिपायाची का होईना, बापाची नोकरी कायम होती, रिटायर होईपर्यंत कोणी त्याले विचारलं नाही का बावा उद्या येतं का नाही. अन् मी त्या घरातली पहिली डॉक्टर, तर मले दर अकरा महिन्यानं विचारत. काय सांगू तुम्हाले.

एमबीबीएस यवतमाळले झालं, मग पुण्याले इमर्जन्सी मेडिसिन केलं. म्हणजे अपघात, साप, विष, हार्ट अटॅक, जे काही धावत येते ते पहिल्या तासात सांभाळाचं शिक्षण. आपल्या जिल्ह्याले दुसरं काय पायजे, सांगा न मले. मी मोठ्या तोऱ्यात वापस आली, तर समजलं का तालुक्याच्या दवाखान्यात या नावाचं पदच नाही. आमचे अधीक्षक साहेब हसले, म्हणे मॅडम, शिक्षण तुमचं पुण्याचं असन, पद आमच्याकडं साधं वैद्यकीय अधिकारी, तेही कंत्राटी, पायजे तर घ्या. माह्यासंगं शिकलेले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लागले, थंडा हॉल, तिप्पट पगार. आमच्या ग्रुपवर रोज जाहिरात येते, एका शिफ्टचे एवढे, जेवण आमचं, आजच या. एक मैत्रीण म्हणे, काहून वो सुजे, तिथं समाजसेवा करून राह्यली काय. मी म्हनलं हो. तेव्हा मले खरंच तसं वाटे, खोटं कायले बोलू.

तुम्ही कंत्राटी डॉक्टरांच्या पत्रकासाठी आले, दादा, पगाराचं लिहाले. लिहा. ज्या माणसाले तुम्ही छातीवर दाब देऊन जीव परत आणाले सांगता, त्याले कारकुनापेक्षा कमी देता, असं ठळक लिहा. पण मले सांगाचं आहे ते ब्रेकचं.

अकरा महिने झाले का ऑर्डर संपते. मग तीन दिवसांचा ब्रेक, मग नवी ऑर्डर, आली तर. मधात तीन दिवस काहून, तर आम्ही सलग नोकरी केली असं कोर्टात म्हणू नाही म्हणून. त्या तीन दिवसांत तुम्ही पेशंटले हात लावाचा नाही, केसपेपरवर सही कराची नाही. माह्या आधी आर्णीकडचा एक डॉक्टर होता, त्यानं ब्रेकमधी एकाचं डोकं शिवलं, नातेवाईकानं तक्रार केली, वरून कागद आला का कोणत्या अधिकारात शिवलं. त्याले पुन्हा ऑर्डर भेटली नाही. हे आम्ही सगळे जाणून होतो, अन् ब्रेक लागला का क्वार्टरचा दरवाजा लावून बसो, जसं काही घरात सुतक आहे.

तो ब्रेकचा दुसरा दिवस होता, दुपार, फवारणीचे दिवस. छायाचा फोन आला. छाया माह्याच गावची, आमच्यापासून चार घरं सोडून राहते, तिचा नवरा विलास दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारा मारे. म्हणे ताई, यायले फवाऱ्यानं लागलं, तोंडातून फेस येऊन राह्यला, आम्ही दवाखान्यात आलो, तू कुठं हायेस. मी म्हनलं, मी आज नाही आहे वो तिथं, सिस्टरले फोन दे. नाही आहे म्हनलं मी. तिले वाटलं मी बाहेरगावी आहे. अन् मी तिले वाटू देलं.

क्वार्टरपासून कॅज्युअल्टी चाळीस पावलं. साहेब मिटिंगले यवतमाळले, दुसरा डॉक्टर शिबिरात, दवाखान्यात एकटी सिस्टर. मी फोनवरून सांगतलं, ॲट्रोपिन द्या, फवाऱ्याच्या विषावर उतारा तोच, पाच मिनिटानं डबल, छातीतली घरघर जाऊन छाती कोरडी होईपर्यंत थांबाचं नाही. ती देत गेली. मग म्हणे मॅडम, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी पळून राह्यली, थांबू काय. मी म्हनलं बाहुल्या पाहू नका, छाती ऐका. ती म्हणे मले छातीचं पक्कं समजत नाही, काही झालं तर मलेच विचारतीन, तुम्ही दोन मिनिटं येऊन ऐका न मॅडम, कोणाले सांगत नाही मी.

मी चप्पल घातली. पायरीपर्यंत गेली. तिथून कॅज्युअल्टीचा दरवाजा दिसते, दरवाजात छायाची पाठ दिसली. अन् मी वापस फिरली. आर्णीचा तो डॉक्टर आठवला, माहं घर आठवलं, नवी ऑर्डर साहेबाच्या टेबलावर आहे हे आठवलं. फोनवर म्हनलं, तुम्हाले योग्य वाटते ते करा. सिस्टरनं इंजेक्शन थांबवलं, छाती भरत गेली, ॲम्ब्युलन्समधी यवतमाळले रवाना केलं. तो रस्त्यातच गेला. औषध अजून दोन डझन पडलं होतं कपाटात. ऐकाले फक्त दोन कान पायजे होते.

दोन दिवसानं मले ऑर्डर आली. मी सही केली.

मग तिथं मन लागलं नाही. आता मी नागपूरले आहे, तिप्पट पगारात. इथं माह्या पदाचं नाव दरवाजावर लिहलं आहे. पेशंट आला का मी धावते, एवढं धावते का नर्सा हासतात, म्हणतात मॅडमले कोण मागं लागलं आहे. आमच्या मोर्चात मी भाषणही देते, व्यवस्थेनं विलासले मारलं म्हणते, टाळ्या पडतात. व्यवस्थेनंच मारलं, दादा, त्यात एक अक्षर खोटं नाही, ज्यानं तो ब्रेक काढला त्याले धरा, सोडू नका. पण पायरीवरून वापस फिरली ती व्यवस्था नाही, ती मी फिरली.

छाया अजून फोन करते. पोरीले ताप आला का, दात दुखला का. मागच्या वेळेस म्हणे, ताई, तू एवढ्या दुरून फोनवर लय केलं वो आमच्यासाठी, देव तुह्यं भलं करो. मी पोरीचा ताप किती आहे ते विचारलं. गावाले जाते, तिच्या घरचा चहा पेते, सांगीन सांगीन म्हणते अन् बस धरते.

म्हणून तुम्हाले बोलावलं. शासनाचं लिहा, पगाराचं लिहा, ते तर लिहालेच पायजे. पण चाळीस पावलंही लिहा, अन् माहं नाव काटू नका. पत्रक गावात वाटाले जासान तेव्हा विहाराच्या मागच्या गल्लीतही द्या. छाया दहावी शिकली आहे. वाचते ते.