जनगणनेतला नमुना

सासूबाईंशी शुद्ध मराठी बोलायला गेलो आणि फसलो, यार! त्या पुण्याहून आमच्याकडे गुरुग्रामला आल्या होत्या. सकाळीच मी त्यांना करोल बागेला म्हणून मेट्रोने भलत्याच दिशेला नेलं होतं, त्यामुळे इम्प्रेशन सुधारणं भाग होतं. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, “जावईबापू, तुम्ही नक्की काम काय करता?”

त्यांना मराठीत इंग्रजी खपत नाही. म्हणून ‘सॅम्पल’ टाळून म्हटलं, “जुन्या जनगणनेतले नमुने घेऊन कुटुंबांचा अभ्यास करतो. एक नमुना दिसला, की तशी शंभर माणसं आहेत असं धरायचं.”

“एका नमुन्यामागे शंभर?”

“बिल्कुल!”

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला. “बघ, तू एकटी नाहीस गं. आणखी नव्व्याण्णव जणी आहेत.”