सावलीतली सून

नाही अक्का, पडलीच नाही ती. तेच तर सांगून राह्यले — या दवाखान्यात जो तो तेच विचारते, जिना होता का, मोरी होती का. काहीच नाही. खाली बसून भाकरी टाकत होती, उठली, ओट्याले हात लावला, अन् कटकन वाजलं. मांडीचं हाड. सत्तावीस वर्साची पोर, माझी सून, मयुरी. डॉक्टर म्हने हे हाड असं मोडत नाही, गाडीखाली आलं तर मोडते. हे म्हने आतून हळूहळू चिरत गेलं, अंगात डी जीवनसत्त्व नाही, ऊनच मिळालं नाही. मले तर हसू आलं. जळगाव जिल्ह्यात ऊन कमी? आमच्या रावेरले मे महिन्यात केळीची पानं करपतात, अन् माणसाले ऊन नाही?

पण खरं सांगू — तिले नव्हतंच. मीच लागू दिलं नाही. गोरीपान पोर, धुळ्याहून आणली, गल्लीत कोनाच्या घरी अशी सून नाही. उन्हाळ्यात बिबडे करायचे तर ज्वारीचं पीठ शिजवायचं तिनं खाली, अन् गच्चीवर वाळू घालाले मी. ती म्हने, आई, मी येते. मी म्हने, बैस, रंग उतरीन. शेतात नाही, बाजारात नाही, दळणाले बी माझा पोरगा हितेंद्रच जाये. बाया म्हनत, सुनंदाबाई सुनेले तळहातावर ठेवते. बरं वाटे मले. लाडच होता तो — तुम्हाले जाच वाटते का?

नात झाली, ती सहा महिन्यांची असताना हिचं दुखणं सुरू झालं. मांड्या ठणकतात म्हने. डुलत डुलत चाले, पायरी चढताना भिंत धरे. मी काय केलं? चार दिवस एरंडाचं तेल चोळलं. मग म्हटलं, आजकालच्या पोरींले बसाले निमित्तच पाहिजे. त्यानंतर तिनं दुखण्याचं नावच काढलं नाही. खालून उठताना ओठ चावे, मी पाहे — पाहे अन् भाजी निवडत बसे.

सकाळी डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून दुखते? विहीणबाई तिथंच, पहिल्या गाडीनं आलेल्या, लेकीच्या उशाशी बसलेल्या. त्यांच्यापुढं काय सांगू? पंधरा दिवस म्हटलं. निघून गेलं तोंडातून. मग त्यानं मयुरीले विचारलं, दुसरा पाय दुखतो का, दुखत असला तर त्याचाबी फोटो काढू, मोडायच्या आधीच सळई टाकता येते. तिनं माझ्याकडं पाह्यलं. अन् नाही म्हने.

दुखतो ना अक्का. मोडला उजवा, पण डावा जास्त दुखे. घरी दोन वर्साची पोर हाये तिची. हा पाय बसवून घरी नेली अन् तो बी असाच वाजला तर? भीती वाटते मले, लई भीती वाटते.

अशा कायले पाहता? तुम्हीबी सासू असान कोनाची. सांगीन ना मी, सांगत नाही असं थोडंच — हे काय, निघालं वाटते तिचं स्ट्रेचर ऑपरेशनले. विहीणबाईबी आल्या मागून. सरका अक्का, उठू द्या मले. डॉक्टर, थांबा. तिले आत नका नेऊ अजून. पंधरा दिवस नाही, दीड वर्ष झालं. दोन्ही पाय दुखतात तिचे. विहीणबाई, तुम्हीबी ऐका. मले माहीत होतं.